मॉस्को की कीव्ह? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

ऑगस्ट १९४१ मध्ये हिटलरने मॉस्कोच्या वाटेवरचे रणगाडे दक्षिणेला, कीव्हच्या दिशेने वळवले. ते वळवले नसते तर मॉस्को पडलं असतं का, हा पूर्व आघाडीच्या, म्हणजे जर्मनी-रशिया युद्धाच्या चर्चेतला कधीच न मिटलेला वाद. त्याला चिकटून दुसरा येतो: जर्मनीने त्या जूनमध्ये रशियावर हल्ला केला नसता, तर पुढेमागे स्टालिनने केला असता का? पहिला प्रश्न रणनीतीचा, दुसरा हेतूंचा. दोन्हींची आज ऐकू येणारी मांडणी बरीचशी १९४५ नंतर तयार झालेली आहे.

१९३९ चा जर्मनी-रशिया अनाक्रमण करार आणि पोलंडची वाटणी सगळ्यांना ठाऊक असते. करारामागून आलेल्या व्यापाराकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. रशियाचं तेल, धान्य आणि मँगनीज जर्मनीला जात होतं, बदल्यात यंत्रं आणि शस्त्रसामग्री येत होती. हल्ल्याच्या रात्रीपर्यंत रशियाच्या मालगाड्या सीमा ओलांडत होत्या. बर्लिनला हाच माल मोल न देता आणि कायमचा हवा होता. १९१८ मध्ये ब्रेस्ट-लिटोव्हस्कच्या तहानंतर जर्मन फौजांनी धान्यासाठी युक्रेन व्यापला होता, ती आठवण ताजी होती.

हिटलरने ३१ जुलै १९४० रोजी सेनापतींना आपला इरादा सांगितला आणि १८ डिसेंबरला निर्देश क्रमांक २१, म्हणजे रशियावरच्या हल्ल्याचा, 'बार्बारोसा'चा आदेश निघाला. वादाचं बी इथेच आहे. भूदलाचा स्टाफ प्रमुख हाल्डर याच्या मनात लक्ष्य एकच होतं, मॉस्को. आदेशात मात्र आधी बेलारूसमधलं लाल सैन्य संपवायचं, मग मधल्या आघाडीचे रणगाडे उत्तरेला लेनिनग्राडकडे पाठवायचे आणि मॉस्कोचं त्यानंतर पाहायचं, असं लिहिलेलं होतं. हाल्डरने उघड विरोध केला नाही. मोहीम सुरू झाली की घटनाच आपल्या बाजूने कौल देतील, अशी बहुधा त्याची अटकळ असावी. सहा महिने हा मतभेद दोघांनीही झाकून ठेवला.

जुलैच्या मध्यावर मॉस्कोच्या वाटेवरचं स्मोलेन्स्क पडलं आणि झाकण उडालं. त्यानंतरचे पाच-सहा आठवडे एकामागून एक निर्देश निघत राहिले, कधी पुरवण्यांसह, आणि आधीचा पुढच्याने फिरवला. अखेर २१ ऑगस्टच्या आदेशात हिटलरने स्पष्ट केलं की हिवाळ्यापूर्वीचं मुख्य उद्दिष्ट मॉस्को नाही. क्रिमिया, दोनेत्सचा कोळसा आणि उद्योग, आणि कॉकेशसकडून रशियाला मिळणारं तेल तोडणं हे आहे. दोन दिवसांनी गुडेरियन हा रणगाडा-सेनापती विमानाने पूर्व प्रशियातल्या मुख्यालयात गेला. मॉस्कोसाठी भांडायला हाल्डरनेच त्याला नेलं होतं. तो बोलला, हिटलरने ऐकून घेतलं, आणि आपल्या सेनापतींना युद्धाचं अर्थकारण कळत नाही अशा अर्थाचं उत्तर दिलं. गुडेरियन कीव्हची मोहीम मान्य करून परतला, हाल्डर भडकला. लक्षात ठेवण्याची गोष्ट ही, की हिटलरचं हे प्रसिद्ध उत्तर आपल्यापर्यंत पोचलं ते गुडेरियनच्याच आठवणींतून.

पुढे काय झालं ते थोडक्यात. सप्टेंबरच्या मध्यावर कीव्हच्या पूर्वेला जर्मन रणगाड्यांचे दोन जबडे मिटले, १९ तारखेला शहर पडलं. जर्मनांनी ६,६५,००० कैद्यांचा दावा केला. सोव्हिएत कागदांतला आकडा बराच लहान आहे. मॉस्कोवरची चढाई ३० सप्टेंबरला सुरू झाली, आधी चिखलात रुतली, मग थंडीत थिजली, आणि ५ डिसेंबरपासून रशियनांनी उलटा हल्ला केला. कीव्हमध्ये घालवलेल्या आठवड्यांमुळे मॉस्को हुकलं, हा निष्कर्ष मग फार सोपा होतो.

मला तो पटत नाही. ऑगस्टमध्ये मधली आघाडी मुळात पळण्याच्या स्थितीत नव्हती. रशियाचे रूळ जर्मन रुळांपेक्षा साधारण नऊ सेंटिमीटर रुंद, त्यामुळे रुळांमधलं अंतर बदलून घेत घेत रसद पुढे आणावी लागत होती. तोफा आणि सामान ओढायला लाखो घोडे होते. स्मोलेन्स्कच्या पुढे येल्न्याजवळ रशियन फौजा रोज रक्त काढत होत्या. कीव्हभोवतीचं प्रचंड सैन्य तसंच सोडून मॉस्कोकडे जायचं, तर उजवी बगल शेकडो किलोमीटर उघडी पडली असती. ज्या हाल्डरने ३ जुलैला ही मोहीम चौदा दिवसांत जिंकली असं डायरीत लिहिलं, त्यानेच ११ ऑगस्टला लिहिलं: शत्रूच्या २०० डिव्हिजन धरल्या होत्या, आता ३६० मोजल्या आहेत. हा हिशेब चुकला होता तो त्याच्याच कचेरीत.

शिवाय कीव्हचा विजय निम्मा स्टालिनने दिलेला होता. शहर सोडून मागे हटा असं सुचवणाऱ्या सोव्हिएत सेनापती झुकॉव्हला जुलैअखेर स्टाफ प्रमुखपदावरून जावं लागलं. माघारीची परवानगी आली तेव्हा फार उशीर झाला होता.

मग सगळा दोष एकट्या हिटलरच्या हट्टाचा, ही कथा रुजली कशी? युद्धानंतर अमेरिकन लष्कराला रशियाशी लढण्याचा अनुभव असलेली माणसं हवी होती. कैदेतल्या जर्मन अधिकाऱ्यांकडून त्यांनी शेकडो अहवाल लिहून घेतले आणि या कामाच्या शीर्षस्थानी हाल्डर होता. १९६१ मध्ये त्याला अमेरिकेचा नागरी सेवेचा सन्मानही मिळाला. हिटलर मेलेला, म्हणजे प्रतिवाद करायला कुणी नाही. सोव्हिएत दप्तरं कुलूपबंद. इंग्रजीतून पूर्व आघाडी वाचणाऱ्यांना कित्येक वर्षं हीच बाजू मिळत राहिली. आपल्याकडे चित्र जरा वेगळं होतं. हल्ल्यानंतर सहा महिन्यांच्या आत भारतीय कम्युनिस्टांनी 'साम्राज्यवादी युद्धा'ला 'लोकयुद्ध' म्हणायला सुरुवात केली आणि पुढे मुंबईत स्टालिनग्राडवर पोवाडाही गायला गेला. तिथे स्टालिनच्या चुकांना जागा नव्हती, इतकंच.

हेतूंचा वाद १९८० च्या दशकात पुन्हा पेटवला तो पश्चिमेत पळून आलेल्या एका सोव्हिएत लष्करी हेराने. त्याचं म्हणणं, स्टालिनच हल्ल्याच्या तयारीत होता आणि हिटलरने फक्त आधी वार केला. सोव्हिएत संघ कोसळताना दप्तरं थोडी उघडली आणि १५ मे १९४१ चा सोव्हिएत लष्कराचा एक हस्तलिखित मसुदा बाहेर आला: जर्मन सैन्याची जुळवाजुळव पुरी होण्याआधीच १५२ डिव्हिजन घेऊन दक्षिण पोलंडमध्ये घुसायचं. या तर्काच्या समर्थकांना हा पुरावा वाटतो. पण मसुद्यावर स्टालिनची मंजुरी नाही, आणि त्याचा सगळा रोख सीमेवर आधीच गोळा होत असलेल्या जर्मन फौजेवर आहे. त्याच मे महिन्यात बर्लिनमधले सचिव व्यापलेल्या रशियातलं धान्य उचललं तर कोट्यवधी लोक उपाशी मरतील, असं टिपणात निर्विकारपणे नोंदवत होते. बचावासाठी आधी वार करणारा देश असली टिपणं करत बसत नाही. आणि निर्देश क्रमांक २१ मध्ये जर्मन तयारी पुरी करण्याची जी तारीख दिली होती, तीही १५ मे १९४१ हीच होती.