हवा थोडी सोड की!

परवा पन्हाळ्याहून सायकलवरून उतरताना मित्राची मनगटं बधिर झाली. वाटेतल्या वाघबिळ गावात थांबून हात झटकत म्हणाला, "फ्रेम बदलतो भावा. कार्बन दणके जिरवतं म्हणे." मी त्याच्या टायरवर अंगठा दाबला. नुसता धोंडा! 25 मिलिमीटरच्या टायरात गड्यानं 120 पीएसआय दाबानं हवा मारलेली. टाईट हवा म्हणजे सायकल पळते, ही आपली जुनी समजूत.

रोड सायकलची फ्रेम त्रिकोणांची. उभ्या दाबाला ती नावापुरतीच हलते, मग लोखंडाची असो की कार्बनची. जाहिरात काहीही म्हणो. सीटची दांडी थोडी वाकते. खरं सस्पेन्शन टायरच.

आता गंमत बघा. आपण बसलो की आतली हवा दबते आणि आपल्याला उचलून धरते, असं वाटतं. पण तिचा दाब जवळपास वाढतच नाही. वाढते ती टायरची रस्त्याला टेकलेली जागा. सायकलीसकट 80 किलोतले 48 मागच्या चाकावर धरा. 100 पीएसआय म्हणजे चौरस सेंटीमीटरला 7 किलो. भागाकार करा: टेकलेली जागा जेमतेम 7 चौरस सेंटीमीटर, काडेपेटीच्या निम्म्याहून कमी. 70 पीएसआयला तीच 10 होते.

मग रिमला धरतं कोण? टायरचं कापड. ते रिमला चहूबाजूंनी बाहेर ओढत असतं. जमिनीपाशी टायर फुगून पसरला की तिथली खालची ओढ सैल पडते, वरची तशीच राहते. म्हणजे रिम हवेवर बसलेली नसते, वरच्या टायरला टांगलेली असते! (कागदावर चाक काढून बाण मारा, नुसतं वाचून डोक्यात शिरायचं नाही.)

खडा आला की मऊ टायर त्याला पोटात घेतो आणि सोडताना बरीचशी ऊर्जा परत देतो. कडक टायर अख्खं 80 किलोचं धूड वर उडवतो. ती ऊर्जा मनगटात आणि मांड्यांत जिरते, वेग उलट घटतो. शर्यतवालेसुद्धा 23 सोडून 28 मिलिमीटरच्या रुंद, कमी दाबाच्या टायरवर आले ते उगाच नाही. बेलफास्टच्या डनलप या जनावरांच्या डॉक्टरनं 1888 मध्ये पेटंट घेतलेला हवेचा टायर मुळात त्याच्या पोराच्या तीनचाकीचे दणके कमी करायलाच होता.

मित्राच्या हँडलला लिंबू-मिरचीही लटकत होती. तिला काही बोललो नाही, व्हॉल्व्ह तेवढा दाबायला लावला. फुस्स! फार सोडली तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. हेही सांगितलं होतं. पण त्याला तो आवाजच फार आवडला. केर्लीजवळ पंक्चर काढत बसलो.