वाळवंटातल्या शाळा : छप्पर आणि तास

वाळवंटात उन्हाळ्याच्या दुपारी सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. भिंतींना ऊन तिरपे लागते, छपराला थेट. त्यामुळे वर्ग तापतो तो मुख्यतः वरून. त्यात एकेका वर्गात तीस-चाळीस मुले, म्हणजे तितक्याच लहान लहान शेगड्या. शाश्वत शाळा म्हटले की हल्ली आधी सौरपट्ट्या डोळ्यांसमोर येतात, पण या विषयाचा इतिहास पाहू गेल्यास तो बराचसा छपराचा इतिहास आहे. आणि थोडा वेळापत्रकाचाही.

जाड मातीच्या भिंतीत किंवा घुमटात दुपारची उष्णता शिरते, पण आतल्या बाजूला पोहोचायला तिला बरेच तास लागतात. भिंत हातभर जाड असेल तर संध्याकाळ उलटून जाते. घरात राहणाऱ्यांना हे जाचक ठरते, म्हणून वाळवंटी मुलखात लोक रात्री गच्चीवर झोपतात. दिवसाच्या शाळेला मात्र हा उशीर फायद्याचा. उष्णता आत येते तेव्हा बाके रिकामी असतात, आणि रात्रीची कोरडी, गार हवा सकाळपर्यंत भिंती पुन्हा निववते. इतके सोपे गणित विसाव्या शतकात कसे विसरले गेले, हा खरा प्रश्न आहे.

जुन्या मदरशांपुढचे गणित अवघड होते, कारण विद्यार्थी तिथेच राहत. बगदादची मुस्तनसिरिया १२३४ साली सुरू झाली. मधे मोठा चौक, भोवती खोल्या, आणि चौकाकडे उघडणारे ‘इवान’, म्हणजे तीन बाजूंनी बंद आणि चौथीकडून मोकळे असे कमानदार दालन. अशा चौकात दिवसभर कुठल्या ना कुठल्या बाजूला सावली असते. ती सरकेल तसे माणसांनी सरकायचे. इराणमधल्या काशानच्या आगा बोजोर्ग मदरशात, जो एकोणिसाव्या शतकातला, त्याही पुढची युक्ती दिसते. तिथला चौकच जमिनीखाली उतरवलेला आहे. खाली झाडे, त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांच्या खोल्या, आणि वर वारा पकडून खाली सोडणारे बादगीर, म्हणजे उंच मनोरे.

अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांनी १९३७ मध्ये ॲरिझोनाच्या वाळवंटात आपल्या शिष्यांसाठी टालिएसिन वेस्ट उभारायला घेतले. तिथल्याच दगडांच्या भिंती आणि वर पांढरे कॅनव्हास, ज्यातून मऊ उजेड झिरपे. पण ही हिवाळी छावणी होती. उन्हाळ्यात गुरुशिष्य बिऱ्हाड उचलून विस्कॉन्सिनला जात. उपाय चोख, फक्त सगळ्यांना परवडणारा नव्हे.

सगळ्यांना परवडेल असे छप्पर शोधत होते इजिप्तचे वास्तुकार हसन फतही. दुसऱ्या महायुद्धामुळे लाकूड आणि लोखंड दुर्मीळ झाले होते. मातीच्या विटांच्या भिंती उभ्या राहत, पण त्यांवर घालायचे काय? त्यांनी बांधून पाहिलेल्या कमानी कोसळल्या. मग दक्षिण इजिप्तमधल्या अस्वानकडचे न्युबियन जमातीचे गवंडी लाकडी आधाराशिवाय छत घालतात असे कळले, आणि १९४१ मध्ये ते तिकडे गेले. कृती पाहण्यासारखी आहे. वीट २५ × १५ × ५ सेंटिमीटरची, हलकी राहावी म्हणून भुसा जास्त, आणि ओली असतानाच तिच्यावर बोटांनी ओढलेल्या दोन चरी, चिखल घट्ट धरावा यासाठी. मागच्या भिंतीवर गवंडी कमानीचा आकार लिंपतो आणि पहिला थर तिला टेकवून तिरपा लावतो. पुढचा प्रत्येक थर आधीच्या थरावर रेलतो, त्यामुळे खालून टेकू लागत नाही. लक्सरजवळ रामेसियम या प्राचीन मंदिराची कोठारे याच पद्धतीची आहेत, तीन हजार वर्षांहून जुनी.

त्या कोठारांपासून फार लांब नसलेल्या नव्या गुर्ना गावात फतहींनी १९४५ पासून घरे, मशीद, नाट्यगृह आणि मुलामुलींच्या शाळा अशाच बांधल्या. गाव फसले. सरकार ज्यांना जुन्या गावातून तिथे हलवू पाहत होते ते यायला तयार नव्हते, आणि पुढे भूजल व क्षार मातीत चढून बरीच बांधकामे खचली. फतहींना भाबडे ठरवण्यासाठी हे उदाहरण अजून दिले जाते. ते मला पटत नाही. स्थलांतर लादले सरकारने, विटेने नव्हे.

दरम्यान सरकारी शाळांसाठी ठरावीक नकाशे आले : सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती, वर पातळ स्लॅब किंवा पत्रा. लवकर होते, हिशेब सोपा, आणि माती म्हणजे गरिबी ही समजूत पक्की. पण पातळ स्लॅबमधून उष्णता काही तासांतच आत येते, म्हणजे नेमकी दुपारच्या तासांना. पत्रा तर तेवढाही वेळ देत नाही. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी यावर वातानुकूलन चढवले. १९०२ मध्ये विलिस कॅरिअर यांनी ब्रुकलिनच्या छापखान्यातला कागद दमट हवेने बिघडू नये म्हणून आखलेली योजना अशी वाळवंटातल्या वर्गांपर्यंत पोहोचली. १९७३ च्या तेलसंकटानंतर विजेचा विचार सुरू झाला, तेव्हा जुन्या इमारती पुन्हा अभ्यासाचा विषय बनल्या.

पत्र्याला वाईट न ठरवता त्याचा उपयोग केला वास्तुकार फ्रान्सिस केरे यांनी. बुर्किना फासोमधले त्यांचे गांदो हे गाव वाळवंटात नव्हे, सहाराच्या दक्षिणेला साहेलमध्ये आहे. लहानपणी ते स्वतः कोंदट, काळोख्या वर्गात शिकले होते. गावकऱ्यांच्या हातांनी २००१ मध्ये पुरी झालेल्या त्यांच्या शाळेला दोन छपरे आहेत. खाली मातीच्या विटांचे, फटी ठेवलेले छत. वर सळयांच्या कैच्यांवर उचललेला रुंद पत्रा. पत्रा तापतो, पण मधल्या मोकळ्या जागेतून वारा वाहतो आणि वर्गातली गरम हवा फटींतून वर ओढली जाते. वीज लागत नाही. शाळेला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार २००४ मध्ये मिळाला, केरे यांना याच क्षेत्रातला प्रित्झकर पुरस्कार २०२२ मध्ये.

श्रीमंत टोकाला अबुधाबीची मसदार इन्स्टिट्यूट, जिथे २०१० मध्ये विद्यार्थी राहायला आले. अरुंद गल्ल्या, जाळीदार दर्शनी भाग, ४५ मीटरचा वातमनोरा. मनोऱ्याचेच फोटो सगळीकडे दिसतात. मला गल्ल्यांची सावली जास्त कामाची वाटते. थारमध्ये जैसलमेरजवळच्या कनोई गावी वास्तुकार डायना केलॉग यांनी पिवळ्या वालुकाश्मात लंबवर्तुळाकार चौकाभोवती बांधलेली मुलींची शाळा त्याच जुन्या चौकाच्या घराण्यातली.

लडाखच्या थंड वाळवंटात प्रश्न उलटा होतो : ऊब हवी, आणि हवी तेव्हाच हवी. शे गावच्या ड्रुक व्हाइट लोटस शाळेत अरुप असोसिएट्सच्या वास्तुरचनाकारांनी वर्ग दक्षिणेपासून ३० अंश पूर्वेला वळवले, म्हणजे पहिल्या तासाला कोवळे ऊन आत येते. मुले झोपतात त्या वसतिगृहांना मात्र थेट दक्षिणेकडे तोंड करून काचेमागे जाड काळ्या भिंती दिल्या, दिवसभराचे ऊन साठवून रात्री आत सोडण्यासाठी.