एमबीबीएसनंतर ब्रिटनमध्ये डॉक्टर: ठाणे-नवी मुंबईतून नोंदणीचा अर्ज कसा करायचा

ब्रिटनमध्ये पेशंट तपासायचा तर तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलची नोंदणी आणि तिच्यासोबत मिळणारं प्रॅक्टिसचं लायसन्स लागतं. आपल्याकडे जीएमसी म्हटलं की सरकारी मेडिकल कॉलेज डोळ्यांसमोर येतं. या लेखात जीएमसी म्हणजे ब्रिटनची ही कौन्सिल.

माझ्या धाकट्या बहिणीने नवी मुंबईतल्या कॉलेजातून एमबीबीएस केलं. तिची फाइल ऐरोलीच्या घरी मीच लावली. अभ्यास तिचा, कागद माझे, असं वाटून घेतलं होतं. त्या काळात एक गोष्ट पक्की कळली. यातल्या बऱ्याच कागदांना मुदत असते आणि हुशार मुलांचेही अर्ज अडतात ते क्रम चुकल्यामुळे. म्हणून खाली जे लिहितेय ते कामं ज्या क्रमाने करायला हवीत त्या क्रमाने.

पात्रता

मेडिकल कॉलेजचं नाव वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्समध्ये हवं. एमबीबीएसची पदवी हवी, १२ महिन्यांची इंटर्नशिप पूर्ण हवी, इंग्रजीचा पुरावा हवा आणि वैद्यकीय ज्ञान सिद्ध करणारी परीक्षा पास हवी. शेवटच्या अटीसाठी बहुतेक जण प्लॅब ही परीक्षा देतात. एमआरसीपी किंवा एमआरसीएससारखी ब्रिटिश पदव्युत्तर पात्रता असेल तर प्लॅब द्यावी लागत नाही, इंग्रजीचा पुरावा मात्र तिथेही द्यावाच लागतो. एमडी किंवा एमएस झालेल्यांसाठी मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह नावाची दोन वर्षांपर्यंतची योजनाही आहे, पण ती शिकून परत येण्यासाठी आहे.

सर्वात आधी नाव

परीक्षेच्या आधी हे का, ते सांगते. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव आणि पुष्कळदा शेवटी आईचंही नाव असतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि उरलेल्या रकान्यात कुणी फक्त स्वतःचं नाव भरतं, कुणी वडिलांचंही. ब्रिटनच्या अर्जात नाव पासपोर्टप्रमाणे भरायचं असतं आणि पदवी त्या नावाशी ताडून पाहिली जाते. बहिणीच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव नव्हतं, पदवीवर होतं, आणि कॉलेजच्या एका दाखल्यात आडनावाचं स्पेलिंग एका अक्षराने वेगळं होतं. त्या एका अक्षरापायी दोन महिने गेले. दाखला दुरुस्त करून घ्यायला ती पाच वेळा कॉलेजच्या खिडकीपाशी उभी राहिली.

म्हणून इंटर्नशिप चालू असतानाच दहावीचं प्रमाणपत्र, एमबीबीएसच्या सगळ्या मार्कशीट, मेडिकल कौन्सिलची नोंदणी आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवून बघा. पासपोर्टमध्ये दुरुस्ती हवी असेल तर ठाणेकरांसाठी वागळे इस्टेटचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. लग्न ठरलेल्या मुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे: नोंदणी हातात येईपर्यंत पासपोर्टवरचं नाव बदलू नका. आधीच बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रात छापून आलेली नावबदलाची सूचना, दोन्ही फाइलमध्ये ठेवा.

पदवीची पडताळणी

जीएमसी तुमच्या पदवीची झेरॉक्स बघून समाधान मानत नाही. एपिक या ऑनलाइन सेवेमार्फत पदवी थेट ती देणाऱ्या संस्थेकडे पडताळणीसाठी जाते. अमेरिकेत जाणाऱ्या डॉक्टरांचे कागद तपासणारी ईसीएफएमजी हीच संस्था ही सेवा चालवते. इथे आपल्या भागातला एक फरक लक्षात घ्या. कळव्याचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आणि नेरुळचं तेरणा ही नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत, नेरुळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम ही अभिमत विद्यापीठांची. त्यामुळे पदवी कुठून येणार आणि पडताळणीच्या ईमेलला उत्तर कोण देणार, हे कॉलेजगणिक बदलतं. ते काम कोणत्या टेबलावर होतं ते आधीच विचारून ठेवा आणि विनंती गेली की स्वतः जाऊन आठवण करा. तात्पुरत्या पासिंग सर्टिफिकेटवर भागत नाही, अंतिम पदवी लागते. इंटर्नशिप संपली की पदवीसाठीचा अर्ज त्याच आठवड्यात टाका.

इंग्रजी

‘आमचं एमबीबीएस इंग्रजीतच झालं, मग परीक्षा कशाला?’ हा प्रश्न घरोघरी येतो, आमच्याकडे आईने विचारला होता. जीएमसी तसा पुरावा मानते, पण त्यासाठी शिक्षण आणि परीक्षा पूर्ण इंग्रजीत हव्यात आणि पेशंट, त्यांचे नातेवाईक, सहकारी यांच्याशी झालेल्या संवादापैकी किमान ७५ टक्के इंग्रजीत झालेला हवा. कळव्याच्या किंवा नेरुळच्या ओपीडीत पेशंट मराठीत बोलतो, नाहीतर हिंदीत. डॉक्टरने त्याच्याशी त्याच भाषेत बोलावं हेच योग्य. त्यामुळे ही वाट आपल्यासाठी बंद धरा.

उरतात दोन परीक्षा. आयईएलटीएसचा अ‍ॅकॅडमिक प्रकार, त्यात एकूण ७.५ आणि चारही विभागांत किमान ७. किंवा डॉक्टरांसाठीची ओईटी, त्यात चारही विभागांत किमान बी ग्रेड. सगळे गुण एकाच प्रयत्नातले हवेत. बहिणीला आयईएलटीएसच्या लेखनात दोनदा ६.५ मिळाले आणि ओईटीत पहिल्याच वेळी जमलं, कारण तिथे लेखन म्हणजे रेफरल लेटर, जे ती वॉर्डात लिहीतच होती. निकाल दोन वर्षं ताजा धरला जातो. इंटर्नशिपच्या सुरुवातीलाच परीक्षा उरकली तर त्यातलं एक वर्ष नुसतंच सरतं. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत द्या, म्हणजे निकाल नोंदणीच्या अर्जापर्यंत टिकण्याची शक्यता वाढते.

प्लॅबचे दोन भाग

पहिला भाग म्हणजे तीन तासांत १८० बहुपर्यायी प्रश्न. तो मुंबईतही देता येतो, पण जागा भराभर भरतात. बुकिंग करण्याआधी इंग्रजीचा निकाल हातात लागतो, हे विसरू नका.

दुसरा भाग फक्त मँचेस्टरला होतो. १६ प्रसंग, प्रत्येकी आठ मिनिटं, समोर पेशंटच्या भूमिकेतला नट. आजाराचं निदान येत असूनही मुलं इथे अडखळतात, कारण वाईट बातमी कशी सांगता, पेशंटला बोलू देता की नाही, हे सगळं बघितलं जातं. दिवसाला शंभर पेशंटची ओपीडी काढलेल्या मुलांना ‘तुम्हाला कशाची काळजी वाटतेय?’ असं विचारायची सवय नसते. घरात कुणाला तरी समोर बसवून सराव करा. आमच्याकडे बाबा रोज रात्री छातीत दुखणारा पेशंट व्हायचे.

पहिला भाग पास झाल्यावर दोन वर्षांत दुसरा, आणि दुसरा पास झाल्यावर दोन वर्षांत नोंदणी झाली पाहिजे. प्रत्येक भागाला चार संधी असतात. दुसऱ्या भागाची फी पहिल्याच्या तिपटीहून जास्त आहे. त्यात व्हिजिटर व्हिसा, विमान आणि तिथलं राहणं धरा. घरी पैशाचं बोलताना हा आकडा आधी मांडावा, पहिल्या भागाचा नाही.

गुड स्टँडिंग सर्टिफिकेट

तुमच्याविरुद्ध कारवाई नाही असं सांगणारा हा दाखला. गेल्या पाच वर्षांत तुम्ही जिथे जिथे नोंदणीकृत होता त्या प्रत्येक ठिकाणच्या कौन्सिलचा तो लागतो. आपल्यासाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमार्फत दिल्लीच्या नॅशनल मेडिकल कमिशनकडे अर्ज जातो. दाखला सहीच्या तारखेपासून तीनच महिने चालतो. मी उत्साहाच्या भरात तो मँचेस्टरच्या परीक्षेआधीच मागवला आणि निकाल येईपर्यंत त्याची मुदत संपली. पुन्हा फी, पुन्हा फेऱ्या. दुसऱ्या भागाचा निकाल आला की मगच अर्ज करा.

नोंदणीच्या अर्जात गेल्या पाच वर्षांचा हिशेब द्यायचा असतो. नोकरी, अभ्यास, घरी बसलेले महिने, सगळं तारखांसकट. ओळख पासपोर्टवरून तपासली जाते. जीएमसीचं खातं स्वतःच्या ईमेलवर स्वतः उघडा, एजंटच्या हाती पासवर्ड देऊ नका. पदवीला अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालावी म्हणून सरकारी प्रमाणीकरणाचा शिक्का, करून घ्या म्हणून कुणी पैसे मागितले तर आधी जीएमसीच्या यादीत तो कागद आहे का ते बघा. आखाती देशांचे नियम वेगळे आहेत आणि एजंट ते सर्रास इथे चिकटवतात.

बाँड

सरकारी किंवा महापालिकेच्या कॉलेजात शिकलेल्यांनी प्रवेशाच्या वेळी सही केलेला सेवेचा बाँड काढून पुन्हा वाचावा. एक वर्ष सेवा करायची की रक्कम भरायची, हा निर्णय प्लॅबची तारीख घेण्याआधी व्हायला हवा.

नोंदणी झाल्यावर

नोंदणी म्हणजे नोकरी नव्हे, हे मनापासून सांगते. जुलै २०२५ मध्ये इंग्लंडच्या आरोग्यसेवेचा दहा वर्षांचा आराखडा आला. त्यात स्पेशालिटी ट्रेनिंगच्या जागांसाठी ब्रिटनमध्येच शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचं धोरण आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी गेलेल्या सीनियरचा अनुभव आज तसाच्या तसा लागू पडत नाही. नोकरी मिळाली तर हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा लागतो. त्यात आरोग्य अधिभार, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत घेतली जाणारी रक्कम, माफ असतो, पण टीबीची तपासणी आणि पोलीस क्लिअरन्स लागतं. हे दोन्ही कागदही ऑफर आल्यावरच काढा.

बहिणीची नोंदणी झाली, नोकरी अजून नाही. ती ठाण्यात एका कॅज्युअल्टीत रात्रपाळी करते आणि दर तीन महिन्यांनी तिथल्या प्रमुखांकडून कामाच्या तारखांचं पत्र सही-शिक्क्यानिशी घेऊन येते. ते पत्र त्याच सकाळी स्कॅन होऊन फाइलला लागतं.