खऱ्या जागेला खोट्याचं दार

काटोल-नरखेडकडच्या संत्राबागांत हल्ली मोजणी लागली की भूकरमापकाच्या हातात साखळी नसते. माणसाच्या डोक्याच्याही वर जाणारी काठी, टोकाला पांढरी वाटोळी टोपी आणि काठीलाच अडकवलेला मोबाइल किंवा टॅब. टोपीला सगळे रोव्हर म्हणतात. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, दोन्ही बाजूंना उभे असलेले भाऊबंद मात्र मोबाइलकडेच टक लावून असतात. त्यातला एखादा हमखास विचारतो, ‘‘जीपीएस तर माझ्याही फोनात आहे, मग या टोपीचं काय काम?’’

प्रश्न रास्त आहे. जागा सांगणारं यंत्र वेगळं आणि नोंद करणारी वही वेगळी, ही रीत आपल्या भागात जुनीच. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ भारताची मोजणी सुरू केली, तेव्हा त्याच्या थिओडोलाइटचं, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राचं, वजन अर्धा टन होतं. नागपूरकडे येताना जानेवारी १८२३ मध्ये तो हिंगणघाटला वारला. कबर आजही तिथेच आहे. फोनाची गोष्ट या मानाने कालपरवाची. पण वही आणि यंत्र तिथेही आधी वेगळीच होती.

जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. १९८३ मध्ये सोव्हिएत हद्दीत भरकटलेलं कोरियाचं प्रवासी विमान पाडलं गेलं. त्यानंतर अमेरिकेने ही सेवा नागरिकांनाही देऊ, असं जाहीर केलं. दिली, पण नागरी संदेशात मुद्दाम खोट घालून. चूक साधारण १०० मीटरपर्यंत जायची. म्हणजे उभे नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडवर आणि यंत्र दाखवणार मागच्या गल्लीत. ही खोट २ मे २००० रोजी काढली गेली आणि मग खिशातल्या जीपीएसला अर्थ आला.

तेव्हाच्या फोनात मात्र जीपीएस नव्हता. पाम किंवा पॉकेट पीसी हे खिशातले संगणक, नाहीतर नोकिया घ्यायचा आणि काडेपेटीपेक्षा जरा मोठी जीपीएसची ब्लूटूथ डबी वेगळी घ्यायची. २००४ च्या सुमाराला सर्फस्टार-३ ही चिप आली आणि अशा डब्या गाडीच्या काचेमागूनही नीट चालू लागल्या. डबी फोनाशी बोलायची ती भाषा एनएमईए-०१८३. ही १९८३ ची, बोटींवरच्या उपकरणांसाठी ठरवलेली. स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या ओळी, त्यात वेळ, अक्षांश, रेखांश आणि उपग्रहांची संख्या. समुद्रापासून शेकडो कोस लांब, विदर्भातल्या वावरात आजचं रोव्हरही ही खलाशांचीच बोली बोलतं, याची मला फार गंमत वाटते.

२००७ मध्ये नोकिया एन-९५ आणि २००८ मध्ये आयफोन थ्री-जी जीपीएस पोटात घेऊनच आले. डब्या खणात गेल्या. त्या परतल्या त्या अँटेनामुळे. उपग्रह २०,२०० किलोमीटरवर, त्याचा संदेश अतिशय क्षीण. तो पकडायला फोनात जागा नखाएवढी, तीही बॅटरी आणि कॅमेऱ्याच्या गर्दीत. भिंतीवरून, पानांवरून परावर्तित होऊन आलेला संदेशही तो अँटेना खरा मानून घेतो. मोकळ्या आभाळाखाली चार-पाच मीटर चूक धरूनच चालावं लागतं. रस्ता शोधायला तेवढं पुष्कळ झालं, पण धुरा असतो हात-दोन हातांचा.

टोपीत मोठा अँटेना असतो आणि ती संदेशाच्या लहरीच मोजते. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर. अशा किती लहरी उपग्रह आणि टोपीच्या मधे बसल्या हे नेमकं कळलं, की चूक दोन-तीन सेंटिमीटरवर येते. त्यासाठी पक्क्या जागी बसवलेल्या दुसऱ्या केंद्राकडून दुरुस्ती लागते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या अशा केंद्रांकडून (त्यांना कॉर्स म्हणतात) ती इंटरनेटवरून येते, आणि इंटरनेट असतं मोबाइलमध्ये. आता वहीशिवाय यंत्र अडतं.

पण टोपीने सांगितलेली जागा फोनातल्या बाकीच्या ॲपपर्यंत पोहोचवायची कशी? अँड्रॉइडमध्ये त्यासाठी रीतसर दार ठेवलेलंच नव्हतं. दार होतं ते मॉक लोकेशनचं: ॲप बनवणाऱ्यांना घरबसल्या चाचणी घेता यावी म्हणून खोटी जागा भरण्याची सोय. बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे ती सापडते. अशा टोप्या बनवणाऱ्यांनी याच चोरवाटेने खरी जागा आत सोडली.

ही वाट इतरांनाही सापडली. घरी बसून साइटवर हजेरी लावणारे, खेळात बसल्या जागी गावोगाव फिरणारे. २०१३ च्या अँड्रॉइड ४.३ पासून ॲपला ‘ही जागा मॉक आहे का’ हे विचारता येऊ लागलं आणि कित्येक ॲपनी अशी जागा सरसकट नाकारायला सुरुवात केली. आता दोन सेंटिमीटरची जागा खोटी म्हणून परत जाते आणि पाच मीटर चुकलेली खरी म्हणून नोंदली जाते. हा मला सरळ अन्याय वाटतो. ॲपलने आधीपासून मान्यताप्राप्त उपकरणांनाच आत घेतलं, त्यामुळे पर्याय कमी आणि किंमत जास्त. पण आयफोनच्या २०२१ च्या आयओएस १५ या प्रणालीपासून जागा उपकरणाकडून आली की सॉफ्टवेअरने बनवली, हे ॲपला वेगवेगळं कळतं. मोजणीची ॲप या भानगडीत पडत नाहीत. ती टोपीशी थेट बोलतात.

एवढं करूनही बागेत शेवटचा शब्द झाडांचाच. दाट संत्र्याखाली काठी नेली की पडद्यावरचा ‘फिक्स’ जातो आणि ‘फ्लोट’ येतो, म्हणजे लहरींचा हिशेब सुटला. मग भूकरमापक धुऱ्यावरच्या फांदीकडे बघतो, भाऊबंद एकमेकांकडे बघतात, आणि फांदी कोणाची यावरून पहिली ठिणगी पडते.