लाकडी व वनस्पतिजन्य फरशी

घराच्या जमिनीवर लाकूड, बांबू, बूच, लिनोलियम किंवा काथ्या यांचा थर बसवून केलेला चालण्याचा पृष्ठभाग. लाकडाच्या बाबतीत यालाच तक्तपोशी म्हणतात. तिचे मुख्य प्रकार तीन : घन फळ्या, थरांच्या (इंजिनिअर्ड) फळ्या आणि लहान तुकडे नक्षीत जुळवलेली पार्के.

पार्केच्या उगमाविषयी मतभेद आहेत. फ्रान्समधील व्हर्साय राजवाड्यात १६८४ च्या सुमारास संगमरवर काढून ओकच्या चौकोनी चौकटी बसवण्यात आल्या. संगमरवर वरचेवर धुवावा लागे आणि झिरपलेल्या पाण्याने खालच्या तुळया कुजत, हे त्याचे कारण सांगितले जाते. पुष्कळ लेखक या पद्धतीचा आरंभ येथेच मानतात. परंतु कुसू (एका लाकडाचे दुसऱ्याच्या खाचेत बसणारे टोक) व खाच यांच्या सांध्याने चौकटी जुळवण्याचे तंत्र सुतारकामात त्याआधीच रुळलेले होते. त्यामुळे १६८४ हे शोधाचे नव्हे, तर प्रसाराचे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. माशाच्या काट्यासारख्या (हेरिंगबोन) मांडणीचा संबंध रोमन काळातील विटांच्या फरसबंदीशी जोडतात. केवळ दिसण्यातील साम्यावरून तशी थेट परंपरा मानणे मात्र धाडसाचे ठरेल.

लाकूड निवडताना यांका कठिनता पाहण्याचा प्रघात आहे. ११.२८ मिमी व्यासाची पोलादी गोळी निम्म्या व्यासापर्यंत लाकडात रुतवण्यास लागणारे बल म्हणजे ही कठिनता. ती तांबड्या ओकची सुमारे ५.७, कठीण मॅपलची ६.४, सागाची ४.७ आणि पांढऱ्या पाइनची १.७ किलोन्यूटन असते. या कोष्टकांना वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते. खुर्चीच्या पायाने खड्डा पडेल की नाही, एवढेच त्यांतून कळते. रोजचे ओरखडे पादत्राणांबरोबर आलेल्या वाळूने लाकडावरच्या संरक्षक लेपावर उठतात, तेथे लाकडाच्या कठिनतेचा फारसा उपयोग होत नाही.

खरा निर्णायक गुण म्हणजे ओलाव्यानुसार होणारी हालचाल. ओले लाकूड पूर्ण वाळेपर्यंत तांबडा ओक वाढीच्या वलयांच्या दिशेने सुमारे ८.६ टक्के, तर त्यांना काटकोनात ४ टक्के आकसतो. सागात हे आकडे ५.८ व २.५, तर युरोपीय बीचमध्ये सुमारे ११.९ व ५.७ आहेत. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही. आडव्या कापाची (वलये पृष्ठभागाला जवळजवळ समांतर असलेली) १०० मिमी रुंद ओकची फळी ओलावा ४ टक्क्यांनी वाढताच साधारण दीड मिमी फुगते. उभ्या कापाची (वलये पृष्ठभागाला काटकोनात असलेली) फळी त्याच्या निम्म्यानेच हलते. पण कापताना लाकूड अधिक वाया जाते, म्हणून ती महाग पडते.

बसवण्यापूर्वी फळ्यांचा व खालच्या तळाचा ओलावा मापकाने तपासतात. तळ लाकडी असेल तर दोहोंतील फरक अरुंद पट्ट्यांसाठी ४ आणि सुमारे ७५ मिमीपेक्षा रुंद फळ्यांसाठी २ टक्क्यांच्या आत हवा. भिंतीलगत १० ते १५ मिमी मोकळी फट ठेवून ती पट्टीखाली झाकतात. फट बुजली की फुगणाऱ्या फळ्यांना जागा उरत नाही आणि जमीन मध्येच उचलली जाते. खालून ओल आल्यास फळी पन्हळते : कडा वर येतात, मधला भाग खोल राहतो. अशी फळी लगेच तासून सपाट करणे ही नेहमीची चूक होय. कडा तासल्या जातात आणि पुढे ओल निघून गेली की मधला भागच फुगीर दिसू लागतो. आधी ओलीचा उगम बंद करून फळी वाळू द्यावी. बहुधा ती बरीचशी आपोआप बसते.

ओकमधील टॅनिन (तुरट द्रव्य) व ओले लोखंड यांच्या संयोगाने निळसर काळे डाग पडतात, म्हणून ओल्या ओकवर पोलादी तारांची लोकर (स्टील वूल) वापरू नये. साग तेलकट असल्याने चिकटवण्यापूर्वी सांध्याची बाजू ॲसिटोनने पुसतात. जवसाचे तेल लावल्यावर भिजलेल्या चिंध्या चुरगाळून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. त्या सुट्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात.

थरांच्या फळीत खालचे थर परस्परांस आडवे असल्याने ती कमी हलते. युरोपीय प्रमाणकानुसार पार्के म्हणवण्यासाठी वरचा थर किमान २.५ मिमी लागतो. एवढ्या जाडीच्या थराची फळी एकदोनदाच घासता येते. जमिनीखालून उष्णता देणार असल्यास हीच निवडावी आणि पृष्ठभाग साधारण २७° से. च्या वर तापू देऊ नये.

बांबू उकळून त्यातील पिष्ट काढले नाही तर कीड लागते. वाफेने गडद केलेला बांबू काहीसा मऊ होतो. तंतू राळेत दाबून केलेला प्रकार सर्वांत कठीण. बूच भूमध्य समुद्राभोवतीच्या बूच-ओकची साल आहे. झाड न तोडता ती साधारण नऊ वर्षांनी पुन्हा काढता येते. फरशीसाठी तिचे कण दाबून वड्या करतात. ती उबदार व आवाज शोषणारी, पण जड फर्निचरखाली दबते. लिनोलियमचे पेटंट फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६० च्या दशकात घेतले. घट्ट केलेले जवसाचे तेल, राळ, बुचाची वा लाकडाची भुकटी आणि चुनखडी यांचे मिश्रण तागाच्या कापडावर पसरवून ते बनते. तीव्र अल्कली साबणाने ते खराब होते. काथ्या व सिसल (घायपाताच्या जातीचा तंतू) यांच्या चटया कोरड्या खोल्यांतच टिकतात.