वाचायचं की रंगवायचं? ऑडिओबुकमधल्या आवाजाच्या वादाची पार्श्वभूमी

ऑडिओबुक ऐकणारी दोन माणसं भेटली की बोलणं पुस्तकावरून आवाजावर यायला वेळ लागत नाही. एकाला भरदार वाटणारा आवाज दुसऱ्याला नाटकी वाटतो. कुणाला प्रत्येक पात्राचा सूर वेगळा हवा असतो, कुणाला नेमका त्याचाच वैताग येतो. चांगली कादंबरी अभिवाचन पटलं नाही म्हणून पहिल्याच तासात सोडून दिली जाते, तर कधी लेखकाचं नावही माहीत नसताना केवळ आवाजासाठी पुस्तक शेवटपर्यंत ऐकलं जातं. श्रोत्यांचा हा चोखंदळपणा अलीकडचा वाटतो खरा, पण छापलेला मजकूर दुसऱ्यानं कसा वाचून दाखवावा आणि ते कुणी ठरवावं, हा वाद ध्वनिमुद्रणाहूनही जुना आहे.

1865 साली क्यूबातल्या हवाना शहरात, एल फिगारो या सिगार कारखान्यात कामगारांनी एक प्रथा सुरू केली. तंबाखूची पानं वळण्यात हात आणि डोळे गुंतलेले असत, कान मात्र मोकळे. सातुर्निनो मार्तिनेस हा सिगार वळणारा आणि कविता करणारा कामगार या कल्पनेमागे होता. दालनात एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी काम करता करता ऐकायचं आणि वाचणाऱ्याचा मोबदला ऐकणाऱ्यांनीच आपल्या मजुरीतून द्यायचा. पुढच्याच वर्षी, मे 1866 मध्ये, तिथल्या वसाहती सरकारनं अशा वाचनावर बंदी घातली. तरी प्रथा संपली नाही. क्यूबा सोडून अमेरिकेतल्या फ्लोरिडात गेलेल्या कामगारांनी ती ‘की वेस्ट’ आणि टँपा या शहरांतल्या कारखान्यांत नेली. तिथे सकाळी वर्तमानपत्रं वाचली जात, नंतर कादंबरी, आणि कादंबरी कोणती हे कामगारांच्या मतांवर ठरे. वाचकाच्या जागेसाठी आलेल्या उमेदवाराला आधी सगळ्यांपुढे वाचून दाखवावं लागे. ध्वनिवर्धक नव्हता, समोर शेकडो माणसं होती, त्यामुळे खणखणीत आवाज आणि स्पष्ट उच्चार ही पहिली अट. संवाद रंगवणारा असेल तर अधिक बरं. वाचन आवडलं की कामगार पानं कापायची पाती लाकडी फळीवर ठोकून दाद देत. 1931 मध्ये टँपाच्या कारखानदारांनी हे वाचक हटवले आणि त्यांच्या जागी रेडिओ आला. क्यूबात मात्र सिगार कारखान्यांतलं वाचन आजही चालू आहे.

श्रोत्यानं आवाज पारखून घ्यायचा, नापसंत असेल तर नाकारायचा, हा हक्क इतक्या उघडपणे नंतर फार क्वचित कुणाला मिळाला. म्हणूनच या इतिहासात मला हा भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो.

एडिसननं 1877 मध्ये फोनोग्राफ हे ध्वनिमुद्रणाचं यंत्र बनवलं आणि 1878 मध्ये त्याच्या उपयोगांबद्दल एक लेख लिहिला. त्यात पुस्तकं होतीच. अंधांच्या संस्था, रुग्णालयं, आजाऱ्याची खोली, आणि ज्यांचे डोळे व हात दुसऱ्या कामात अडकले आहेत अशी माणसं, हे सगळे श्रोते त्यानं तेव्हाच नोंदवले होते. सामान्य वाचणाऱ्यापेक्षा वाचनकला अवगत असलेल्या माणसाच्या तोंडून पुस्तक ऐकण्यात जास्त आनंद आहे, असंही तो लिहितो. दहा इंची चौरस पत्र्यावर 40,000 शब्दांचं पुस्तक मावेल असा त्याचा हिशेब होता. प्रत्यक्षात पुढची कित्येक वर्षं ध्वनिमुद्रण काही मिनिटांत संपत असे. कविता, भाषणातला उतारा, छोटी नक्कल एवढंच त्यात बसे. अख्खी कादंबरी त्यात मावणं अशक्य होतं.

ती मावली 1930 च्या दशकात, आणि ती आधी पोचली अंध वाचकांपर्यंत. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिक आणि उतारवयात अंधत्व आलेली माणसं यांच्यातल्या अनेकांना ब्रेल आत्मसात करणं जड जात होतं. अमेरिकेत 1931 च्या कायद्यानं अंध प्रौढांच्या पुस्तकांसाठी वर्षाला 1 लाख डॉलरची तरतूद झाली. अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड या संस्थेनं, स्वतः अंध असलेल्या रॉबर्ट अर्विन यांच्या पुढाकारानं, सावकाश फिरणाऱ्या तबकड्या तयार केल्या आणि 1934 पासून त्या ग्रंथालयांतून मिळू लागल्या. एका बाजूला सुमारे 15 मिनिटं. मध्यम आकाराच्या पुस्तकाला वीसच्या आसपास तबकड्या लागत. ब्रिटनमध्ये 1935 मध्ये हीच सेवा सुरू झाली, तिथे तबकडी आणखी हळू फिरे आणि एका बाजूला 25 मिनिटं बसत. पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा होती, हे मुद्दाम सांगायला हवं. अंधांसाठी म्हणजे फक्त उपदेशपर किंवा धार्मिक वाचन, हा समज तिथे मोडला.

‘कसं वाचायचं’ हा प्रश्न खऱ्या अर्थानं उभा राहिला तो या तबकड्यांमुळे. तबकडीवर पुस्तक आहे, म्हणजे ते नाटकासारखं सादर करावं का? पार्श्वसंगीत घालावं का, दार वाजल्याचा आवाज द्यावा का? श्रोत्यांतला मोठा गट नको म्हणणारा होता. त्यांना कार्यक्रम ऐकायचा नव्हता, पुस्तक वाचायचं होतं. डोळस माणूस छापील पानावरून जसा स्वतःच्या मनात सूर लावतो, पात्रं उभी करतो, तसं करायला आपल्याला जागा हवी, हा त्यांचा आग्रह होता. वाचणाऱ्यानं स्वतःचा अर्थ ऐकणाऱ्यावर लादू नये. या आग्रहातून एक शैली तयार झाली: उच्चार स्वच्छ, गती संथ पण मरगळलेली नाही, संवादांत किंचित फरक, भावना वाक्यातूनच येईल तेवढी. अलेक्झांडर स्कोर्बी या अभिनेत्यानं 1937 पासून चारशेहून अधिक पुस्तकं अशीच वाचली, संपूर्ण बायबलसुद्धा. अभिनेता असूनही तो अभिनय आवरता ठेवत असे, आणि अंध श्रोत्यांना त्याचा आवाज घरच्या माणसासारखा ओळखीचा झाला. आजही काही श्रोते ‘साधं वाचा’ म्हणतात तेव्हा त्यांना रंगमंचाचं वावडं आहे असं समजलं जातं. मला ते चुकीचं वाटतं. ही मागणी वाचकाच्या स्वातंत्र्याची आहे आणि ती सर्वात आधी केली ती ज्यांना या पुस्तकांची गरज सर्वाधिक होती त्यांनी.

या पुस्तकांना एक अट होती. लेखक-प्रकाशकांनी परवानगी दिली ती तबकड्या फक्त अंधांसाठी राहतील, बाजारात येणार नाहीत, या बोलीवर. त्यामुळे डोळस श्रोत्यांना पूर्ण पुस्तक ऐकायला मिळायला आणखी चाळीसेक वर्षं जावी लागली.

मधल्या काळात त्यांच्या वाट्याला आल्या त्या लाँग प्लेइंग तबकड्या. 1952 मध्ये बार्बरा कोहेन आणि मेरिअ‍ॅन रोनी या न्यूयॉर्कमधल्या दोन तरुणींनी कॅडमन ही कंपनी काढली आणि कवी डिलन टॉमसकडून त्याच्याच कविता वाचून घेतल्या. कविता कमी पडल्या तेव्हा त्यानं तबकडीची दुसरी बाजू नाताळच्या बालपणीच्या आठवणींनी भरून काढली, आणि तीच बाजू सर्वाधिक गाजली. लेखकानं स्वतः वाचावं ही श्रोत्यांची हौस तिथून पक्की झाली. कवीला ते साधतं, कारण कविता लिहितानाच त्याच्या कानात असते. आत्मचरित्रातही लेखकाचा अडखळता आवाज मोलाचा ठरतो. कादंबरीकारानं मात्र बारा तासांचा मजकूर पेलायचा म्हणजे श्वासाचं, दमाचं आणि सातत्याचं वेगळंच शिक्षण लागतं, आणि ते बहुतेकांनी घेतलेलं नसतं.

मग कॅसेट आली. फिलिप्सनं ती 1963 मध्ये आणली, पण पुस्तकांसाठी तिचा खरा उपयोग 1975 मध्ये डुव्हाल हेक्टनं केला. 1956 च्या ऑलिंपिकमध्ये नौकानयनाचं सुवर्णपदक मिळवलेला हा माणूस कॅलिफोर्नियात रोज गाडीनं लांबचा प्रवास करताना रेडिओला कंटाळला होता. त्यानं बुक्स ऑन टेप ही कंपनी काढून पूर्ण पुस्तकांच्या कॅसेट टपालानं भाड्यानं द्यायला सुरुवात केली. काही वर्षांतच रेकॉर्डेड बुक्स ही कंपनीही आली. तिच्यासाठी फ्रँक मुलर या रंगभूमीवरच्या नटानं वाचलेली पुस्तकं इतकी लोकप्रिय झाली की श्रोते ‘मुलरनं आणखी काय वाचलंय’ असं विचारत पुस्तक शोधू लागले. 1979 मध्ये वॉकमन आला आणि ऐकणं गाडीबाहेर, चालता-धावता होऊ लागलं.

मोठे प्रकाशक या धंद्यात उतरले ते 1980 च्या दशकात, आणि त्यांनी दोन कॅसेट, तीन तास हा साचा रूढ केला. दहा-बारा तासांची कादंबरी तीन तासांत बसवायची म्हणजे उपकथानकं, वर्णनं, लेखकाची रेंगाळणारी वाक्यं सगळं जाणार. डिकन्सनंही 1858 पासून केलेल्या जाहीर वाचनांसाठी आपल्याच कादंबऱ्या छाटल्या होत्या, पण ती छाटणी त्याची स्वतःची होती आणि श्रोत्यांना पुस्तक ठाऊक असे. कॅसेटवरची छाटणी संपादक करत आणि वेष्टनावर ती बारीक अक्षरांत सांगितलेली असे. ‘ऑडिओबुक ऐकणं म्हणजे खरं वाचन नव्हे’ हा आक्षेप इतका चिवट राहिला याचं एक मोठं कारण मला या संक्षिप्त आवृत्त्यांत दिसतं. अर्धवट पुस्तकावरून संपूर्ण प्रकाराची परीक्षा झाली.

लांबीची अडचण डिजिटल फाइलनं संपवली. डॉन कॅट्झनं 1995 मध्ये ऑडिबल ही ऑडिओबुक विकणारी कंपनी स्थापन केली. कंपनीच्या पहिल्या खिशातल्या यंत्रात जेमतेम दोन तासांचं मुद्रण मावे. 2008 मध्ये अ‍ॅमेझॉननं ती विकत घेतली तोवर अख्खं कपाट खिशात मावू लागलं होतं. मग दुसऱ्या टोकाचे प्रयोग सुरू झाले. जिम डेलनं हॅरी पॉटरच्या पाचव्या भागात 134 पात्रांना वेगवेगळे आवाज दिले आणि त्याचा विक्रम नोंदवला गेला. 2017 मध्ये जॉर्ज साँडर्सच्या एका कादंबरीसाठी 166 जणांनी वाचन केलं. ती कादंबरीच मुळात अनेक आवाजांची असल्यानं तिथे हे शोभतं. प्रथमपुरुषी, एकाच मनात घडणाऱ्या गोष्टीला संवादापुरता दुसरा नट आणून बसवला की मात्र निवेदकाचं मन आणि त्यानं ऐकलेले शब्द यांची ताटातूट होते.

वेग वाढवून ऐकण्याची सवयही वाटते तेवढी नवी नाही. दीडपट वेगानं ऐकणं ही मोबाइलच्या पिढीची घाई आहे असं सर्रास म्हटलं जातं. पण अंध श्रोते तबकड्यांच्या काळापासून यंत्राची गती वाढवत आले आहेत, कारण अभ्यासाचं पुस्तक संथ लयीत ऐकणं त्यांना परवडत नसे. गती वाढली की आवाज चिरका होई. त्यावर इलिनॉय विद्यापीठातल्या ग्रँट फेअरबँक्स आणि सहकाऱ्यांनी 1954 मध्ये उपाय मांडला: बोलण्यातले अगदी सूक्ष्म तुकडे गाळून उरलेले जोडायचे, म्हणजे सूर न चढता वेळ कमी होतो. आजच्या अ‍ॅपमधलं वेगाचं बटण त्याच विचाराच्या वाटेवरचं आहे.

या सगळ्यात अभिवाचकाचे कष्ट सहसा झाकलेले राहतात. तासाभराच्या तयार मुद्रणात साधारण 9,000 शब्द असतात आणि त्यासाठी स्टुडिओत निदान दुप्पट वेळ जातो. त्याआधी सगळं पुस्तक वाचून काढायचं, नावांचे आणि गावांचे उच्चार पक्के करायचे, कोणत्या पात्राचा कोणता सूर लावला हे टिपून ठेवायचं. तीनशेव्या पानावर एखादं पात्र मुळात घोगऱ्या आवाजाचं होतं असं कळलं, तर मागचं सगळं पुन्हा वाचावं लागतं. पैसे मात्र बहुधा तयार तासांचे मिळतात, तयारीचे नाही. वाईट अभिवाचनाचा दोष वाचणाऱ्याच्या माथी मारताना त्याला तयारीला किती वेळ दिला गेला, हेही विचारलं पाहिजे.

आता वादात यंत्र आलं आहे. 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनच्या किंडल 2 या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रात मजकूर मोठ्यानं वाचण्याची सोय होती. ऑथर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनेनं हरकत घेतली आणि प्रकाशकांना ती सोय पुस्तकागणिक बंद करण्याची मुभा मिळाली. त्याविरुद्ध अंध वाचकांनी न्यूयॉर्कमध्ये गिल्डच्या कार्यालयाबाहेर निदर्शनं केली. जानेवारी 2023 मध्ये अ‍ॅपलनं कृत्रिम आवाजात वाचलेली पुस्तकं विक्रीला आणली आणि त्याच वर्षी ऑडिबलनंही तशी सुरुवात केली. 2009 च्या निदर्शकांची बाजू मला पूर्ण पटते. जे पुस्तक कुणीच कधी वाचून दाखवणार नाही, ते यंत्रानं वाचलं तर वाचकाचं दार उघडतं, आणि ते बंद करण्याचा अधिकार कुणालाही नसावा. ज्या पुस्तकासाठी माणूस बसवणं परवडतं, तिथे केवळ खर्च वाचवायला यंत्र बसवणं ही वेगळी गोष्ट आहे. विकत घेण्याआधी आवाज कुणाचा, माणसाचा की यंत्राचा, हे ठळक अक्षरांत लिहिलेलं असावं आणि नमुना ऐकायला मिळावा, एवढं तरी श्रोत्यांनी मागून घ्यायलाच हवं.