घरट्यावरचा फोटो नको: हौशी पक्षीछायाचित्रकारांच्या एका नियमाची पार्श्वभूमी

पहिला पाऊस पडला की हौशी छायाचित्रकारांच्या गटागटांतून एक सूचना फिरू लागते. विणीचा हंगाम सुरू झाला आहे. घरट्याचे, अंड्यांचे, पिल्लांना भरवतानाचे फोटो टाकू नयेत, टाकल्यास काढले जातील. नुकताच कॅमेरा घेतलेल्याला ती सूचना निसर्गनियमाइतकी जुनी वाटते. प्रत्यक्षात हा नियम माझ्या आठवणीतला आहे. २०१० च्या आसपास एकेका गटाने तो स्वीकारला आणि त्यावरून चांगली मैत्री असलेली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. एकमेकांचे फोटो बघणं, कोणती लेन्स घ्यावी, शटर किती ठेवावं हे विचारणं, एवढंच ज्यांचं नातं होतं त्यांच्यात इतकी कटुता का आली, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

फार मागं जायचं कारण नाही. मुंबईत छायाचित्रकारांची पहिली संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली, पण तेव्हाच्या ओलं रसायन लावलेल्या काचांवर आणि लांबलचक एक्स्पोजरवर उडता पक्षी येणं शक्यच नव्हतं. पक्ष्यांच्या छायाचित्रणाची सुरुवात इंग्लंडमध्ये १८९२ साली दोघा भावांनी घेतलेल्या एका फोटोपासून धरतात आणि तो फोटो होता अंडी असलेल्या घरट्याचा. पुढे याच भावांनी खऱ्या बैलाचं कातडं वापरून पोकळ बैल तयार केला आणि त्याच्या पोटात शिरून पक्ष्यांचे फोटो काढले. म्हणजे पक्ष्याचा फोटो आणि घरटं ही जोडी पहिल्या दिवसापासूनची. पुढची ऐंशी-नव्वद वर्षं ती तुटली नाही आणि त्याचं कारण हौसेत कमी, भिंगात जास्त होतं.

हिशोब सरळ आहे. तेरा सेंटिमीटरचा पक्षी ३५ मिमी फिल्मच्या चौकटीत एक तृतीयांश रुंदी भरेल असा हवा असेल, तर १३५ मिमी लेन्सने (हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं मोठं दिसतं) त्याच्यापासून साधारण १.६ मीटरवर, म्हणजे पाच फुटांवर बसावं लागतं. ३०० मिमी असेल तर साडेतीन मीटरवर. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आपल्याकडच्या हौशी माणसाच्या हातात बहुधा १३५ असायची. रशियन झेनिट किंवा पूर्व जर्मन प्राक्टिका कॅमेरा आणि त्याला स्क्रूने बसणारी ती लेन्स. ३०० वाला म्हणजे मुंबईच्या बोरा बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत ओळख असलेला किंवा आखाती देशात भाऊ असलेला माणूस. फिल्म शंभर एएसएची, क्वचित चारशेची (एएसए जितकं जास्त तितक्या कमी प्रकाशात फोटो येतो). झाडाच्या सावलीत f/५.६ ला (हे लेन्सच्या छिद्राचं माप) शटर मिळायचं १/१०० सेकंदाच्या आसपास. लांब लेन्स कुणी पैदा केली तरी ४०० मिमी हातात धरून १/१०० ला फोटो हलणारच. त्यात फोकस हाताने. पाच फुटांवर, फ्लॅश लावून, आधीच फोकस करून ठेवलेल्या जागी पक्षी हमखास येईल अशी जागा एकच, त्याचं घरटं.

माझी सुरुवात याच काळाच्या शेवटी झाली, त्यामुळे तो जवळून पाहिलेला आहे. गटातल्या चार जणांनी मिळून शंभर फुटी रीळ आणायचं आणि अंधाऱ्या खोलीत कात्रीने मोजून कॅसेटमध्ये भरायचं. छत्तीस फ्रेमच्या सुमारे अठरा कॅसेट व्हायच्या. कृष्णधवलला ऊटीच्या कारखान्यातली ‘इंदू’ किंवा पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनहून येणारी ‘ओर्वो’. एक्याण्णवनंतर आयात सैल झाली तशी जपानी स्लाइड फिल्म (जिच्यावर पडद्यावर दाखवता येणारं पारदर्शक चित्र येतं) मिळू लागली, पण फिल्म आणि धुलाई धरून एका क्लिकला दहा-बारा रुपये पडायचे. छत्तीसमधल्या तीन चांगल्या आल्या तर माणूस खूश असे.

महिन्यातून एकदा कुणाच्या तरी दिवाणखान्यात पांढरी चादर टांगून स्लाइड दाखवायच्या. स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर, म्हणजे माउंटवर, पेन्सिलने बारीक अक्षरात सगळा तपशील असे, कारण तो विचारला जाणारच. एका ज्येष्ठांच्या शिंपी पक्ष्याच्या स्लाइडच्या माउंटवरची नोंद मला पाठ आहे: ‘शिंपी. १३५, f/११, फ्लॅश. पाच फूट. पुढची पानं दोऱ्याने बांधली, नंतर सोडली.’ त्याखाली गावाचं नाव, विहिरीची खूण आणि तारीख. पानं कापायची नाहीत, दोऱ्याने बाजूला करायची आणि उठताना गाठ सोडायची, हा त्या पिढीचा दंडक होता. लपण, म्हणजे आपण लपून बसायचा आडोसा, तोसुद्धा एकदम जवळ लावायचा नाही. पहिल्या दिवशी वीस-पंचवीस फुटांवर नुसतं गोणपाट उभं करायचं, दुसऱ्या दिवशी थोडं पुढं, असं चार-पाच दिवसांनी आत बसायचं. अंडी असताना जायचं नाही, पिल्लं मोठी झाल्यावर जायचं, कारण तेव्हा आईबाप घरटं सहसा टाकत नाहीत. हे सगळं तोंडी शिकवलं जाई. स्लाइड पडद्यावर आली की पहिला प्रश्न एक्स्पोजरचा, दुसरा लपणाचा आणि तिसरा जागेचा. जागा सांगितली जायची. ती लपवणं कोतेपणाचं मानलं जाई.

२००३ मध्ये हजार डॉलरच्या आतला पहिला डिजिटल एसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) बाजारात आला, ६३ लाख पिक्सेलचा. पुढच्या वर्षी त्याला स्पर्धक आला आणि मग चार-पाच वर्षांत गटांचा तोंडवळा पार बदलला. क्लिकला पैसे पडेनासे झाले. आयएसओ (जुनं एएसएच) १६०० वर सावलीतही १/१६०० मिळू लागलं. जे शिकायला दोन-तीन पावसाळे लागायचे ते स्क्रीनवर लगेच दिसू लागलं. मला या बदलाबद्दल तक्रार नाही. ज्यांना फिल्म परवडलीच नसती अशा कितीतरी जणांनी, शिक्षकांनी, एसटीतल्या वाहकांनी, शेतकऱ्यांच्या मुलांनी उत्तम काम केलं. पण एक गोष्ट सुटली. कॅमेरा घेणारा माणूस आता दिवाणखान्यातून येत नव्हता. तो थेट दुकानातून घरट्यापाशी येत होता, आणि दोऱ्याची गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नव्हती.

एका घरट्यावर एक माणूस चार दिवस बसणं आणि त्याच घरट्यावर एका रविवारी बारा माणसं येणं यात फरक आहे. पुण्याभोवतीच्या माळांवर मी टिटवीच्या अंड्यांभोवती बुटांच्या ठशांचं रिंगण पाहिलं आहे. एप्रिल-मे मधल्या उन्हात टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंडी गार राखते. माणूस जवळ असेल तोवर ती दूर उभी राहून ओरडत राहते. वीस मिनिटं अंडी उघडी राहिली तर काय होतं हे सांगायला पक्षितज्ज्ञ लागत नाही. त्या खडकाला हात लावून बघावा. झुडपांतल्या घरट्यांचं वेगळं. समोरच्या फांद्या छाटून ‘क्लीन’ चौकट मिळवली जायची, याला तेव्हा सर्रास ‘गार्डनिंग’ म्हणत. ती चौकट कॅमेऱ्याला मिळाली की कावळ्यालाही मिळते. माणूस पुन्हा पुन्हा एकाच झुडपाकडे जातो आहे, हे कावळ्याच्या लक्षात यायला वेळ लागत नाही.

याच सुमाराला गटांनी नियम आणला. जुन्यांपैकी बरेच जण विरोधात होते आणि त्यांचं म्हणणं मी तरी उडवून लावणार नाही. कोणता पक्षी पिल्लांना काय भरवतो, नर किती वेळा येतो, पिल्लं किती दिवसांनी उडतात, याच्या कितीतरी नोंदी हौशी माणसांच्या घरट्यावरच्या फोटोंतून आल्या. शिस्त मोडणाऱ्यांना शिस्त शिकवा, फोटो कशाला बंद करता, असं ते विचारत. दुसरी बाजू म्हणे, फोटो टाकणाऱ्याने काळजी घेतली असेलही, पण त्याच्या फोटोला मिळालेली वाहवा पाहून पुढच्या शनिवारी जो जाणार आहे तो घेईल याची हमी कोण देणार? माझ्या मते निर्णय या प्रश्नावर झाला, आणि बरोबर झाला. फोटो कसा काढला यापेक्षा तो पाहून पुढं काय घडतं, याचा विचार हौशी छायाचित्रणात तेव्हा प्रथम झाला.

वादात कायदा फार उशिरा आला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस आणि अंड्यांना किंवा घरट्यांना ‘डिस्टर्ब’ करणं हेही येतं. म्हणजे बंदुकीच्या गोळीचं आणि घरट्याला दिलेल्या उपद्रवाचं कलम एकच. हे वाक्य गटात प्रथम वाचून दाखवलं गेलं तेव्हा शांतता पसरली होती. पण त्या एका शब्दाने गुंता सोडवण्याऐवजी वाढवला.

‘डिस्टर्ब’ म्हणजे काय? मराठीत त्याला उपद्रव म्हणा, व्यत्यय म्हणा, अडचण तीच. छायाचित्रकार म्हणतो, पक्षी उडाला नाही, म्हणजे डिस्टर्ब झाला नाही. किंवा उडाला, पण पाच मिनिटांत परत आला. पण पिल्लं असलेला पक्षी परत येणारच. त्याला दुसरा इलाजच नाही. अंड्यांवरचा पक्षी न हलता बसून राहतो तो निवांत असतो म्हणून की घाबरून दबकलेला असतो म्हणून, हे चौकटीत दिसत नाही. उलट तो गच्च बसलेला असतो म्हणून फोटो जास्त शार्प येतो. पक्ष्याच्या वागण्यावरून उपद्रव ठरवायचा तर ते वागणं वाचायला यायला हवं, आणि ते वाचता येणारे गटात दोन-तीनच असत. म्हणून सरसकट बंदी आली. मोजता न येणारी गोष्ट नियमात बसवायची वेळ आली की असंच होतं.

सरसकट म्हटल्यावर अपवाद आले. पहिला अपवाद सुगरणीचा. नर अर्धवट विणलेल्या खोप्याला उलटा लटकून पंख फडफडवतो, मादी येऊन आत डोकावते, पसंत पडलं तरच पुढची नळी विणली जाते. या टप्प्यावर आत अंडं नसतं आणि खोपा विहिरीवर किंवा बाभळीच्या टोकाला, हाताला न लागणारा. बहुतेक गटांनी तो फोटो चालेल असं ठरवलं. नळी पूर्ण झालेली असेल तर नको. मग गावातल्या चिंचेवरच्या सारंगागाराचं काय? खाली भाजीबाजार भरतो आणि वर बगळ्यांची शंभर घरटी, त्यांना कॅमेऱ्याचं काय सोयरसुतक? आणि कड्यावरच्या गिधाडांचं, जी दरीपलीकडून टिपली जातात? प्रत्येक गटाने आपापली रेघ ओढली, त्यामुळे एकाच फोटोला एका ठिकाणी दाद आणि दुसऱ्या ठिकाणी ताकीद, हे अजून चालतं. घरट्याचे फोटो न घेणाऱ्या स्पर्धाही वाढल्या आणि वाद थोडा निवळला. जिथे बक्षीसच नाही तिथे धडपड कमी.

बंदीचा एक परिणाम कुणी मोजला नव्हता. जागा सांगणं बंद झालं. माउंटवरच्या विहिरीच्या खुणेच्या जागी आता ‘पुणे जिल्हा’ किंवा नुसतं ‘सह्याद्री’ येतं. कॅमेरा, लेन्स, शटर, आयएसओ, सगळं फाइलमधून आपोआप कळतं, पण दंडक जिथून कळायचा ते बोलणं आटलं. नवशिक्या विचारतो, सांगितलं जात नाही, मग तो पैसे मोजून जागा विकत घेतो.

ते विकत घेणं कोकणात पावसाळ्यात दिसतं. तिबोटी खंड्या चिमणीपेक्षा लहान, अंगावर जांभळा-नारिंगी-निळ्याचा असा मिलाफ की पहिल्यांदा पाहणाऱ्याचा श्वास अडकावा. जूनमध्ये येतो, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बोगदा खणतो आणि पिल्लांना सरडे, बेडक्या, खेकडे आणून भरवतो. भरवण्याआधी तो नेहमीच्या एका काटकीवर टेकतो. त्या काटकीसमोर हिरवी जाळी बांधून खुर्च्या मांडल्या की लपण तयार. काढलेल्या फोटोत घरटं नसतं, म्हणून तो नियमात बसतो! चोचीतला सरडा मात्र दिसतो, आणि तो कुणासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. मागाहून शब्दच बदलला: स्वतः लपायची जागा म्हणजे लपण, हा अर्थ जाऊन माणशी दर असलेली बैठक म्हणजे ‘हाइड’ झालं. काही ठिकाणी ती जबाबदारीने चालवली जाते, माणसांची संख्या बांधलेली असते, गावातल्या पोरांना रोजगार मिळतो आणि दरड फोडायला आलेल्या जेसीबीला तीच पोरं अडवतात. काही ठिकाणी तसं काही नसतं. दोन्हींचे फोटो सारखेच दिसतात.

२०१४-१५ मध्ये ६०० मिमी आणि ५०० मिमीपर्यंत पोचणाऱ्या झूम हौशी खिशाच्या आवाक्यात आल्या आणि अंतराचा तो जुना हिशोब बदलला. तोच तेरा सेंटिमीटरचा पक्षी आता छोट्या सेन्सरवर दहा मीटरवरून तेवढाच मोठा येतो. २०२० नंतरचे कॅमेरे पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतात आणि सेकंदाला वीस फ्रेम आवाज न करता टिपतात. त्यामुळे बंदी सैल करा, अशी मागणी पुन्हा होते आहे: दहा मीटर, आवाज नाही, फ्लॅश नाही, मग उपद्रव कसला? मुद्दा बिनतोड वाटतो, पण तो पुन्हा एका माणसाचा आहे. जाळीमागच्या खुर्च्या त्यात धरलेल्या नाहीत.

त्या ज्येष्ठांचा स्लाइडचा डबा हल्ली माझ्याकडे आहे, स्कॅन करायला दिलेला. पहिल्या वीसपैकी चौदा घरट्यावरच्या आहेत. आमच्या गटात त्यातली एकही टाकता येत नाही आणि टाकू द्यावी असं मी म्हटलेलंही नाही. तारखेप्रमाणे लावून ठेवतो आहे. फाइलच्या नावात पक्षी, लेन्स, छिद्र, वर्ष आणि दोऱ्याची नोंद घेतली आहे. गावाचं नाव आणि विहिरीची खूण घेतलेली नाही.